मोटरीला ताजं पाणी

माघातल्या सकाळी धरणाच्या फुगवट्यावरून धुकं उठायचं, आणि ते पुरतं उठायच्या आत तात्या मोटरीच्या शेडमध्ये स्टुलावर येऊन बसलेले असायचे. मान डावीकडे किंचित कललेली, डोळे मिटलेले, एक तळवा पंपाच्या थंड लोखंडावर आणि दुसरा कॉकच्या चाकावर. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तसली निर्मळ एकाग्रता त्यांच्या चेहऱ्यावर असायची. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि त्यांच्या पांढऱ्या, काळजीनं कातरलेल्या मिशीवर थांबायची. खालून, पाण्याकडून, चढावरची पावलं ऐकू यायची, मग कळशीतल्या पाण्याची डुचमळ, मग काकूचा श्वास. ती शेडच्या दारात पोचली की तात्या डोळे न उघडता म्हणायचे, "सांडलं."

"न्हाई ओ. भरल्याली हाय की."

"मला ऐकू आलं. जा."

आणि काकू ती भरलेली कळशी तिथंच उतारावर ओतून पुन्हा खाली जायची.

तात्या म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. फौजेत सुभेदार होऊन घरी आले, तरी त्यांची पाठ म्हणून कधी पेन्शनीत निघाली नाही. ताठ, गोरे, देखणे; बोलणं कमी आणि तेही हलक्या आवाजात. त्यांनी काकूवर हात उगारलेला कुणी पाहिला नाही, शिवी दिलेली ऐकली नाही, दारूला ते शिवत नसत, म्हणून आमच्या सगळ्या भावकीत 'नवरा असावा तर असा' हे उदाहरण द्यायला तात्याच कामी यायचे. मलाही ते आवडायचे, हे सांगून टाकते. माझं नाक त्यांच्यावर गेलंय, आणि माझी आई म्हणते की स्वभावही. नाकाचं मला काही वाटत नाही.

मेढ्याच्या पुढं, फुगवट्याच्या काठावर त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्याला ते 'कॉटेज' म्हणत. कुठल्याशा थंड छावणीत साहेबाची तळ्याकाठची कॉटेज त्यांनी पाहिली होती. नव्या जवानाला साहेबाच्या अंघोळीचं पाणी तळ्यातून वाहायला लावत आणि बादली हिंदकळली की परत पाठवत, असं एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. पुढं कुणाकुणाला हे कारण म्हणून पटलं. मला नाही पटलं. ज्याच्या पाठीवर वळ उठतो त्याला चाबकाची माहिती झालेली असते. चाबूक हातात घेणं ही नंतरची, ज्याची त्याची निवड असते.

मोटरीचं दुखणं साधं होतं. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते, तिला सगळे फुटवॉल म्हणतात. ती पाणी आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. तात्यांच्या फुटवॉलचं चामडं कुजलं होतं. त्यामुळे रात्रभरात पाइपातलं पाणी निथळून तळ्यात परत जायचं, पाइपात हवा भरायची, आणि रोज सकाळी पंपाच्या माथ्यावरचा नट काढून, तिथं नरसाळं लावून, पाइप पुन्हा काठोकाठ भरावा लागायचा. झडप गळकी, म्हणून ओतणारीनं गळतीपेक्षा भराभर ओतायचं. बुडबुडे थांबले की तात्या नट आवळायचे, बटण दाबायचे आणि वर टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा कॉक उघडायचे. हा कॉक उघडणं म्हणजे खरी त्यांची कला होती. चाक ते इतक्या हळू फिरवत की फिरतंय हे दिसायचंच नाही. एकदम उघडला तर पाण्याचा दाब तुटतो, मोटर हवा धरते आणि सगळं मुसळ केरात. तात्यांच्या हातून असं कधी व्हायचं नाही.

नवा फुटवॉल मेढ्यात कुठल्याही दुकानात मिळतो. टाकीतलं थोडं पाणी नळीनं खाली आणूनही मोटर भरता येते. आलेला प्रत्येक पाहुणा हे तात्यांना सांगायचा, आणि तात्या शांतपणे प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे. "टाकीतलं पानी शिळं. मोटरीला ताजं पानी लागतं." लोखंडाला कसलं आलंय ताजं आणि शिळं! पण ते इतक्या गांभीर्यानं बोलायचे की पाहुण्याला वाटायचं, असेल बुवा काहीतरी.

काठावरचं वर्ष पाण्याच्या रेघेनं मोजलं जातं. भाद्रपदात पाणी शेडच्या उंबऱ्याशी येऊन हिरवंगार उभं राहायचं, आणि काकूला नुसतं वाकलं की कळशी भरता यायची. ते दोन महिने तिच्या चेहऱ्यावर थोडं मांस चढायचं. मग दिवाळी झाली की रेघ उतरायला लागायची. पौषात ती करवंदीच्या जाळीखाली जायची, फाल्गुनात दगडांच्या पट्ट्याखाली, आणि वैशाखात तर भेगाळलेल्या गाळाचा लांबच लांब उतार तिच्या आणि पाण्याच्या मध्ये पसरायचा. पाणी लांब गेलं की पाइपाला तुकडे जोडत जायचे. पाइप जितका लांब, तितकं त्याच्या पोटात जास्त पाणी ओतायचं, आणि ते आणायलाही तितकंच जास्त चालायचं. असा हा उन्हाळा दोन्ही बाजूंनी तिच्या गुडघ्यांवर यायचा.

त्यातून ज्या पाण्यातून ती कळशी भरायची, त्याच्या तळाशी तिचं माहेर होतं. धरण झालं तेव्हा ते गाव बुडालं आणि माणसं उठून पार सांगलीकडं, कुंडलच्या पलीकडं, माळावरच्या वसाहतीत गेली. तात्यांनी जागा नेमकी इथंच का घेतली हे मी कधी विचारलं नाही, पण कळशी तिच्या हातात देताना ते रोज म्हणायचे, "जा, माहेराला जाऊन ये." पाहुणे असले की मोठ्यानं म्हणायचे. पाहुणे खो खो हसायचे. त्यांना तो नवराबायकोतला लाडिक विनोद वाटायचा. काकूही पदर दातात धरून हसायची. विहिरीच्या काठावर पाय घसरताना माणूस हसतो, तसलं ते हसू होतं.

कॉटेज बांधल्यापासून काकू एक रात्रही दुसरीकडे राहिली नव्हती. मोटर सकाळी कोण भरणार? मूलबाळ नव्हतं. कॉटेजच्या आधी एकदा ती तात्यांना न विचारता भावाच्या मुलीच्या बारशाला गेली होती. परत आल्यावर महिनाभर ते तिच्या हातचं जेवले नाहीत; शेजारी जाऊन मुकाट्यानं भाकरी खाऊन यायचे. सगळ्या गावानं तिलाच बोल लावला. तेव्हापासून तिनं जाणंच सोडलं. तिची आई वसाहतीत भावाजवळ होती, दिसामासानं थकत चालली होती, आणि काकूला या जगाकडून फार काही नको होतं. आईच्या उशाशी एक रात्र काढायची होती, बस. फोनवर ती आईला दर वेळी सांगायची, "येती गं पुढच्या म्हयन्यात."

एकदा तिनं उपाय करून पाहिला. खालच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की फुटवॉल गळत असंल तर पाइपात शेणकाला ओतायचा. शेण जाऊन चामड्याच्या फटीत बसतं आणि पाणी धरून ठेवतं. आपल्याकडं हे सगळे शेतकरी करतात. तात्या मेढ्याला पेन्शनीसाठी गेले होते तेव्हा काकूनं बादलीत शेण कालवलं, गाळलं, ओतलं. दुसऱ्या दिवशी मोटरीनं आपोआप पाणी धरलं. तिसऱ्याही दिवशी धरलं. काकूनं पिशवी भरली, दोन लुगडी, औषधाची बाटली. तात्या नळाशी गेले. त्यांनी नळाखाली ओंजळ धरली, पाण्याचा वास घेतला, आणि चपला काढून तळ्यात उतरले. पाण्यातून पाइपाचं टोक वर ओढलं, फुटवॉल सोडवला आणि काठावर बसून जुन्या दातांच्या ब्रशनं चामड्याची फट न फट धुऊन काढली. लहान लेकराचं नाक पुसावं इतक्या जपून. काकू वरून बघत होती. मग तिनं पिशवीतली लुगडी काढून पुन्हा घडी करून ठेवली.

हे सगळं मला नंतर समजलं. चैत्रातल्या एका दिवशी मात्र मी स्वतः तिथं होते, म्हणून तो दिवस मला कुणाकडून ऐकावा लागला नाही.

मी मलकापूरला राहते. सकाळीच काकूच्या भावाचा मला फोन आला. "रेखाताई, आईचं काय खरं न्हाई. अक्काचं नाव घेतीया सारखं. तुमची गाडी हाय, तेवढी अक्काला आना." मी तशीच गाडी काढली. पोचले तेव्हा काकू नेसून तयार होती. आईनं अन्न सोडलंय म्हणून डब्यात मऊ दूधभात कालवून घेतला होता. तात्या शेडमध्ये स्टुलावर बसले होते. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं आणि पाण्याची रेघ कुठच्या कुठं खाली गेली होती.

"जा की," ते म्हणाले. "कोन अडवतंय? टाकी तेवढी भरून जा. म्या काय कोरडा बसू?"

मी म्हटलं, "तात्या, मी चार कळशा आणून ठेवते. नाहीतर वस्तीवरनं कुणाला तरी बोलावते भरायला."

"परक्याचा हात माज्या मोटरीला लागनार न्हाई, रेखे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूनं माझ्या दंडाला धरलं. "आसू दे गं. घडीभराचं काम हाय. टाकी भरली की निघूच."

ती उतरायला लागली. मीही हंडा घेतला. गाळ वरून वाळलेला आणि आतून निसरडा. पाय टाकला की पापुद्रा फुटायचा. आम्ही दोघी वर-खाली करत होतो, काकू ओतत होती, बुडबुडे थांबत होते, तात्या नट आवळून बटण दाबत होते. मोटरीचा आवाज जड व्हायचा, आता धरणार असं वाटायचं, तात्या कॉक उघडायचे, आणि पाइपात एक ठसका. मग कोरडी घरघर. "हवा धरली," ते म्हणायचे. "परत." आम्ही परत जायचो. काकूचं लुगडं पोटरीपर्यंत चिखलानं माखलं, गुडघा सुजून टम्म झाला. मी दोनदा सांगितलं, सोड आणि चल, टाकी गेली खड्ड्यात. दोन्ही वेळा तिनं फक्त मान हलवली. डबा पायरीवर उन्हात होता. ऊन कलतं झालं तेव्हा झाकणाच्या कडेनं आंबूस वास यायला लागला.

फोन आला तेव्हा काकू खाली पाण्याशी होती. तिच्या भावाला बोलता येत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. मी फोन हातात धरून उभी राहिले. तिनं खालून माझ्याकडं पाहिलं, कळशी भरली, कडेवर घेतली आणि तोच सगळा चढ सावकाश चढून आली. एक थेंब सांडला नाही. ती शेडच्या दारात आल्यावर मी म्हटलं, "काकू, गेली आजी."

तात्यांनी डोळे उघडले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी काकूकडं नीट पाहिलं, आणि जवळजवळ मायेनं म्हणाले, "आता घाई न्हाई. दमानं भर."

काकूनं ओतलं. तात्यांनी नट आवळला, बटण दाबलं, आणि मग मी त्यांचा उजवा हात पाहिला. चाकावर बोटं टेकली होती, आणि चाक फिरत होतं, सुतासुतानं, थांबत, ऐकत, पुन्हा सुताइतकं. मोटरीनं पाणी धरलं. डोक्यावर, टाकीच्या रिकाम्या पोटात, धार धो धो कोसळायला लागली. सकाळपासून हाच हात हेच चाक एका हिसक्यात उघडत होता, आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ते बघत होते. तात्या स्टुलावरून उठले आणि हात पुसत म्हणाले, "बघ, धरलं का न्हाई?" मला तेव्हा त्यांचा जितका संताप आला तितका आयुष्यात कुणाचा आलेला नाही, आणि त्यात आजही काही कमी झालेलं नाही.

आम्ही वसाहतीत पोचलो तेव्हा लोक खोळंबून बसले होते. काकूनं आईचं तोंड पाहिलं. आईनं काकूचं पाहिलं नाही. फरक एवढाच.

वाटेत, कराडच्या अलीकडं, मला राहवलं नव्हतं. "काकू, तात्या कॉक मुद्दाम..."

"ठावं हाय मला," ती खिडकीबाहेर उसाकडं बघत म्हणाली होती. "आवाजावरनं कळतंय की."

"मग ओतत का राहिलीस गं?"

तिनं खिडकीची काच थोडी वर केली. मग म्हणाली, "मला वाटलं, त्येस्नी कवातरी वाटंल, आता पुरं."

पुढच्या पावसाळ्यात तात्यांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही. देवानं दाखवलं, असं भावकीतलेच लोक आता म्हणायला लागले. हेच लोक आधी तात्यांचं उदाहरण द्यायचे. मला ते पटत नाही. देव एवढा रिकामा असता तर त्यानं चैत्रातच लक्ष घातलं असतं. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतंय, समजतंय सगळं, फक्त बोलता येणार नाही. काकूनं तात्यांना घरी आणलं आणि मेढ्यातून मिस्त्री बोलावला. चहा उकळेपर्यंत त्यानं नवा फुटवॉल बसवून पाइप भरूनही टाकला. काकूनं बटण दाबलं. मोटरीनं एका दमात पाणी धरलं, ना ठसका, ना घरघर. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसलेल्या तात्यांची मान आपोआप डावीकडं कलली. त्यांना ऐकू येत होतं, आणि त्या आवाजात आता करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघायला मी वाकून पुढं झाले होते, हेही सांगते.

तेव्हापासून काकू जाते. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, सकाळच्या एसटीनं, कुंडलपर्यंत. येते कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. वस्तीवरची एक बाई येऊन तात्यांना भरवते, धुते, पुसते. हयगय कशाचीच नाही. फक्त कधी येणार हे काकू त्यांना सांगत नाही. एसटीचा आवाज खिंडीत आला की त्यांच्या घशातून एक आवाज निघतो. तो शब्द नसतो, पण प्रश्न असतो, एवढं मलाही कळतं.

मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा काकू निघायच्या तयारीत होती. जाताना तिनं तात्यांची खुर्ची फिरवली. रस्त्याकडं असलेलं तोंड पाण्याकडं केलं, मागच्या चाकाला दगड लावला, शाल खांद्यावर नीट केली. "रस्त्याकडं असलं की मान वळवून वळवून दुखती त्येंची," ती म्हणाली. अगदी काळजीच्या सुरात. तात्यांच्या डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आपटत होती. समोर ऐन आश्विनातलं पाणी शेडच्या उंबऱ्याशी भरून आलं होतं, आणि त्यावर दुपारच्या अलीकडचं, लखलखीत, कुणाचंच नसलेलं ऊन पडलं होतं. खुर्ची परत वळवायला मला दगड काढावा लागला असता, इतकंच. मी काढला नाही. म्हणतात ते खरं असावं, स्वभाव माझा त्यांच्यावर गेलाय.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिच्या भावानं वसाहत सोडल्याचं मला माहीत होतं. तो मुलाकडं गेला होता, घर बंद होतं. "काकू," मी म्हटलं, "तिथं आता कोण आहे?"

"कोन न्हाई गं. कुलूप हाय. पायरीवर बसती जरा, आन येती."

"मग कशाला जातेस एवढं लांब, हा गुडघा घेऊन?"

एसटी लागली होती. दांडा धरून ती चढली, खिडकीशी बसली, काच खाली ओढली आणि मला समजत नाही याचंच तिला नवल वाटल्यासारखं म्हणाली, "तवा जाता येत न्हवतं."

गाडी गेली. जे घडलं त्याची आठवण माणूस कधीतरी विसरतो, निदान तिचे काठ झिजतात. पण जे घडायचं होतं आणि घडू दिलं गेलं नाही, त्याला झिजायला काठच नसतो, ते रोज कोरं राहतं, आणि ज्या माणसासाठी जायचं ते माणूस उरलेलं नसलं तरी कुणाला तरी तेवढी वाट चालून यावीच लागते.